खांब अडगळीत आणि सर व्यासपीठावर

आमच्या शाळेच्या मुलींच्या खो-खो संघाला प्रशिक्षक म्हणून क्रीडाशिक्षक सर आहेत, याची जाणीव आम्हाला वर्षातून दोनदा होते: एकदा तालुका स्पर्धेच्या सकाळी आणि दुसऱ्यांदा वार्षिक बक्षीस समारंभात. एरवी जून ते ऑगस्ट या काळात, म्हणजे जेव्हा सरावाची खरी गरज असते तेव्हा, मैदानावर फक्त आम्ही असतो, पावसाने उघडी पडलेली खडी असते आणि आठवीतल्या मुलींना बसायचे कसे, उठायचे कसे हे शिकवणाऱ्या दहावीतल्या मुली असतात. मी या वर्षी त्या शाळेतून बाहेर पडले. आता माझी निवड, माझे प्रमाणपत्र किंवा माझे तोंडी परीक्षेचे गुण कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाहीत, म्हणून संघातल्या सगळ्या जणी एकमेकींच्या कानात जे बोलतात ते मी येथे स्पष्ट लिहीत आहे.

शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात आहे, पण दहावीला तो दिवाळीनंतर गणिताला जातो आणि त्याआधी तो पाहुण्यांच्या स्वागताला जातो. संस्थेचे कोणी पदाधिकारी येणार असतील, गावात मिरवणूक असेल किंवा एखाद्या इमारतीचे भूमिपूजन असेल, तर लेझीम पथक म्हणून खो-खोच्याच मुली उभ्या केल्या जातात, कारण त्या दमत नाहीत असे सरांचे मत आहे. लेझमीवर आमचा राग नाही. परंतु स्पर्धा आठवड्यावर आली असताना तीन-तीन दिवस दुपारच्या उन्हात लेझीम बसवून घ्यायची आणि नंतर स्पर्धेत पाय उचलत नाहीत म्हणून आमच्यावरच खेकसायचे, हे कोणत्या प्रशिक्षणात बसते?

सरांना शिकवता येत नाही, असे असते तर आम्ही एक वेळ गप्प बसलो असतो. चीड येते ती त्यांना उत्तम शिकवता येते म्हणून. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पोलीस भरतीची तयारी करून घेणारी एक अकादमी आहे, आणि तेथे आमचे हेच सर पहाटे गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच घेऊन उभे असतात. तेथील मुलांना धावण्याआधी अंग मोकळे कसे करायचे, १६०० मीटरमध्ये पहिली फेरी किती जोरात घ्यायची, गोळा कोणत्या कोनातून सोडायचा, आदल्या रात्री काय खायचे आणि काय टाळायचे, हे सर्व ते जीव तोडून सांगतात. माझा चुलतभाऊ तेथे जातो, म्हणून हे ऐकीव नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, ही माहितीही आम्हाला आमच्या क्रीडाशिक्षकांनी शाळेत दिली नाही. ती आम्ही त्या अकादमीच्या फलकावर वाचली. त्या मुलांकडून महिन्याची फी मिळते आणि आमच्याकडून मिळत नाही, याखेरीज त्यांच्यात आणि आमच्यात दुसरा फरक मला तरी दिसत नाही. शाळेतून मिळणारा पगार बहुधा फक्त हजेरीपटावर सही करण्याचा असावा.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येते, कारण खो-खो म्हणजे नुसते पळणे अशी समजूत असलेल्यांना आमच्या तक्रारीचे गांभीर्य कळणार नाही. या खेळात आक्रमकाला, म्हणजे पाठलाग करणारीला, खेळाडू बसतात ती मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय मागे वळता येत नाही. धावणारीला मात्र बसलेल्या खेळाडूंच्या मधून कुठूनही ये-जा करता येते. त्यामुळे आक्रमकाचे अर्धे कसब खांबाजवळ लागते. एका हाताने खांब धरून, अंग झोकून, वळणाऱ्या खेळाडूला दुसऱ्या हाताने टिपायचे, ही गोष्ट शेकडो वेळा केल्याशिवाय अंगात मुरत नाही, आणि चुकीची केली तर खांदा निखळू शकतो. आमच्या शाळेचे दोन्ही लाकडी खांब क्रीडा साहित्याच्या खोलीत मोडक्या बाकांच्या खाली पडलेले आहेत. ते रोवून द्या, अशी विनंती आम्ही दर पावसाळ्यात केली. दर वेळी उत्तर एकच मिळाले, की मैदानावर गाड्या लागतात, खांब आड येतील. शेवटी सरावात आमच्यातल्याच दोघी दोन टोकांना खांब म्हणून उभ्या राहू लागल्या. माणसाला धरून वळण्याची सवय झालेल्या मुलींच्या हाती स्पर्धेच्या दिवशी एकदम खरा खांब आला, तेव्हा काय होणार होते?

जे व्हायचे तेच झाले. तालुक्याच्या उपांत्य सामन्यात आमची सर्वांत वेगवान आक्रमक दोन वेळा खांबापाशी पोहोचली आणि दोन्ही वेळा हात पुढे टाकण्याऐवजी खांब सोडून पुढे निघून गेली. बसलेल्या मुलींपैकी दोघी खो मिळण्याआधीच उठल्या. अशा वेळी पंचांची शिट्टी वाजते, आक्रमकाला उलट दिशेला जावे लागते आणि तेवढ्या अवधीत हाताशी आलेली धावणारी निसटून जाते. समोरच्या संघाचे सर रेषेबाहेरून प्रत्येक मुलीला नावाने हाक मारून कोणी कोणाला खो द्यायचा ते सांगत होते. आमचे सर "पळा, पळा, अगं पळ की" एवढेच ओरडत होते, आणि तेही मध्येच फोन आला म्हणून थांबले. संघातील एका मुलीचे नाव त्यांनी सामना संपेपर्यंत चुकीचे घेतले. ती तीन वर्षे संघात आहे.

पराभवानंतर आम्ही एकमेकींशी बोलून आपापल्या चुका शोधल्या असत्या, पण सरांनी त्या दुसऱ्या दिवशी परिपाठात, संपूर्ण शाळेसमोर, माईकवरून सांगितल्या. मुलींचे लक्ष खेळात नाही, मोबाईलमुळे दम राहिलेला नाही, आमच्या काळात आम्ही अनवाणी धावायचो, असे त्यांचे भाषण झाले आणि पाचवीची मुले आमच्याकडे वळून हसली. खांबांचा उल्लेख त्या भाषणात नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही तालुका जिंकला होता, तेव्हा वर्तमानपत्रातील बातमीत "सरांच्या अथक मार्गदर्शनाखाली" असे छापून आले होते आणि छायाचित्रात चषक सरांच्या हातात होता. जिंकल्यावर मार्गदर्शन त्यांचे आणि हरल्यावर मोबाईल आमचा, हा हिशेब आम्हाला आजवर कोणी समजावून सांगितलेला नाही.

दुखापतींबद्दल लिहिताना माझा तोल सुटण्याची शक्यता आहे, तरी लिहिते. आमच्या संघातील एका मुलीचा गुडघा सुजला होता. तिने सांगितले तर सरांनी तिला "नाटकं नकोत, दोन चकरा मार, आपोआप मोकळा होईल" असे म्हणून मैदानाभोवती पळायला लावले. प्रथमोपचाराची पेटी आहे, तिच्यात कापूस आणि कालबाह्य मलम आहे. पाळीच्या दिवसांत पोटात कळा येत असताना सराव नको म्हणायचे तर सांगायचे कोणाला? संघासोबत एकही शिक्षिका येत नाही. बाहेरगावच्या स्पर्धेलाही नाही. आम्ही "पोट बिघडले आहे" असे सांगतो, आणि त्यावर सर वडापाव खाल्ल्याचा ठपका ठेवतात. बरे, तो वडापाव तरी कोणी दिला? स्पर्धेच्या दिवशी सकाळी सहाला एसटीने निघायचे, तिकिटाचे पैसे घरून आणायचे आणि स्टँडवर जे मिळेल ते खाऊन दुपारच्या सामन्याला उतरायचे, ही व्यवस्था आमची नव्हे.

यापेक्षाही मोठा अन्याय कागदावर झाला आहे. दहावीच्या परीक्षेत खेळाडूंना क्रीडा गुणांची सवलत मिळते, आणि त्यासाठीचा प्रस्ताव शाळेने मुदतीत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे पाठवावा लागतो. तेथून शिफारस झाल्यावर तो मंडळाकडे जातो. विद्यार्थ्याने स्वतः अर्ज घेऊन मंडळाच्या दारात उभे राहण्याची सोय यात नाही. आमच्या खो-खो संघातीलच दोघींनी मैदानी स्पर्धांत विभागीय पातळीवर क्रमांक मिळवला होता. त्यांची मूळ प्रमाणपत्रे "हरवतील" म्हणून सरांनी आपल्या कपाटात ठेवली, किल्ली आपल्याकडे ठेवली, आणि प्रस्ताव पाठवायच्या दिवसांत ते अकादमीच्या मुलांना भरतीच्या मैदानी चाचणीसाठी घेऊन गेले होते. मुदत टळली. पुढे विचारले तेव्हा "एवढ्याशा गुणांनी काय होतंय" असे उत्तर आले. अकरावी प्रवेशाच्या यादीत एकेका टक्क्यावर महाविद्यालय बदलते, हे माध्यमिक शाळेतील शिक्षकाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि मग आला जानेवारी २०२५. दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, १९ तारखेला भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवले, आणि दोन्ही कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. आम्ही तो सामना एकमेकींच्या घरी जमून पाहिला आणि घसा बसेपर्यंत ओरडलो. आठवड्याने २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर सर व्यासपीठावरून म्हणाले, की आपल्या शाळेतूनही अशी प्रियंका घडली पाहिजे. टाळ्या झाल्या. धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, त्या किती खडतर परिस्थितीतून आल्या, हेही त्यांनी सांगितले, आणि जिद्द असली की साधनांवाचून काही अडत नाही असा त्याचा अर्थ लावला. व्यासपीठापासून साहित्याची खोली चाळीस पावलांवर आहे. तेथे पडलेले खांब रोवायला एक पहार आणि अर्धा तास पुरला असता. सारिका काळे यांची गरिबी आपल्या आळसाचे समर्थन म्हणून वापरणे, हा त्यांचाही अपमान आहे.

काही पालक म्हणतात, की एकट्या क्रीडाशिक्षकाने काय काय करायचे. निवडणुकीची कामे त्यांना, परीक्षांचे पर्यवेक्षण त्यांना, शिस्तीचा दंडुका त्यांनाच. यात तथ्य आहे, आणि अनेक शाळांत तर हे पदच भरलेले नसते, हेही मला मान्य आहे. परंतु कामाचा ताण असलेला माणूस पहाटे दुसऱ्या मैदानावर दोन तास कसा सापडतो? शेजारच्या गावातील शाळेचे सर निवडणुकीच्या याच कामांतून वेळ काढून संध्याकाळी फक्की टाकून मैदान आखतात, आणि त्यांच्या मुली आम्हाला बहुतेक वर्षी हरवतात.

आम्ही जुन्या आणि चालू संघातील मुलींनी मिळून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज दिला. त्यात खांब रोवणे, दौऱ्यावर एक शिक्षिका सोबत देणे, प्रमाणपत्रे मुलींच्या ताब्यात देणे आणि हा विषय पालक-शिक्षक संघाच्या पुढील सभेत घेणे, एवढ्याच मागण्या होत्या; सरांवर कारवाई करा असे एक अक्षरही नव्हते. अर्ज कार्यालयात स्वीकारला गेला, त्यावर शिक्का पडला, आणि नंतर कळले की तो "अभिप्रायासाठी" क्रीडाशिक्षकांकडेच पाठवण्यात आला आहे. खाली आमच्या सगळ्यांच्या सह्या आहेत, आणि चालू वर्षाची संघनिवड पुढच्या आठवड्यात आहे.