एक तारा मिळालेल्या फ्रिक्वेन्सी काउंटरबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. तक्रारी चार: काउंटर (सिग्नलची फ्रिक्वेन्सी मोजणारं यंत्र) चालू करताच आपोआप आकडे पळतात, 145.500 मेगाहर्ट्झवर लावलेली हँडी (हातातला वॉकीटॉकी) तो 145.5004 दाखवतो, गाडीचा रिमोट पकडत नाही, आणि आत सुधारणा केल्यावर बंद पडला तर वॉरंटी नाकारली. मथळा ‘तपकीर गल्लीत फसवणूक’ असा दिलात, म्हणून उत्तरही इथेच, सगळ्यांसमोर.

पळणारे आकडे हा दोष नव्हे. इनपुटला अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यामागे प्रीस्केलर, म्हणजे फ्रिक्वेन्सी भागून कमी करणारी आयसी, असतो. बारीक सिग्नलही मोजता यावा म्हणून ते इतके हळवे ठेवलेले असतात की इनपुट मोकळं असलं की प्रीस्केलर आपलं आपणच ऑसिलेट होतो. बीएनसीवर (इनपुटच्या गोल सॉकेटवर) 50 ओमचं टर्मिनेटर, म्हणजे रेझिस्टर असलेलं टोपण, लावा, बहुतेक वेळा थांबतो. हँडीचं पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबल्यावर आकडा एका जागी बसतो की नाही, एवढंच बघायचं. तुमच्याच फोटोत तो बसलाय.

आता ते 400 हर्ट्झ. 145.5 मेगाहर्ट्झवर 1 पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे साधारण 145 हर्ट्झ. काउंटरच्या कागदावर ±2.5 पीपीएम छापलंय, म्हणजे 364 हर्ट्झ इकडे किंवा तिकडे. स्वस्तातल्या हँडीचीही मुभा सहसा तेवढीच असते. दोन्ही मिळून फरक 700 च्या वर गेला तरी दोन्ही वस्तू कागदाप्रमाणेच आहेत. यात कोण खरं, हे दोघांना समोरासमोर ठेवून कधीच कळणार नाही. तुम्ही मात्र ट्रिमर (आतला फ्रिक्वेन्सी जुळवायचा स्क्रू) फिरवून काउंटर हँडीशी जुळवलात. म्हणजे शेजाऱ्याच्या घड्याळावरून आपलं लावलं आणि वेळ बरोबर आहे म्हटलं. शिवाय ट्रिमर लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने फिरवला की टोक काढताच आकडा सरकतो. प्लास्टिकचं टोक लागतं, काउंटर आधी दहा-पंधरा मिनिटं तापलेला लागतो आणि समोर काउंटरपेक्षा अचूक संदर्भ लागतो. जीपीएसला लॉक केलेला 10 मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर दुकानात आहे, त्यावर लावून देण्याचे आम्ही कोणाकडूनच पैसे घेत नाही.

नंतर काउंटरचा क्रिस्टल काढून तुम्ही टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी फारसा न सरकणारा ऑसिलेटर) बसवलात, ते काम मात्र झकास आहे. क्रिस्टलचे दोन्ही कपॅसिटर काढलेत, आउटपुट 1 नॅनोफॅरडमधून आयसीच्या इनपुट पिनला दिलंय, दुसरी पिन मोकळी सोडलीय. नेमकं असंच करायचं असतं. काउंटर उघडला म्हणून वॉरंटी नाकारलेली नाही, हे लोकांना कळावं. दुरुस्तीच्या पावतीवर कारण लिहिलेलं आहे.

कारण वेगळं होतं. भिंगाखाली धरल्यावर बीएनसीमागचे दोन्ही क्लॅम्प डायोड (जादा व्होल्टेज अडवणारे) शॉर्ट निघाले, एकाला तर मधोमध चीर होती, आणि मागचा अ‍ॅम्प्लिफायर आयसीही गेलेला. अभिप्रायातल्या दुसऱ्या फोटोत हँडीपासून काउंटरपर्यंत केबल थेट जोडलेली दिसते. 5 वॉट म्हणजे 50 ओमवर सुमारे 22 व्होल्टचं शिखर. मिलिवॉटचं मोजणाऱ्या वस्तूने ते कसं सोसावं? केबलनेच मोजायचं असेल तर मधे सिग्नल दहा हजारपट कमी करणारा 40 डीबीचा अ‍ॅटेन्युएटर हवा, तोही 5 वॉट झेपणारा. मग काउंटरला अर्धा मिलिवॉट पोचतो. खरं तर काउंटरला छोटा अँटेना लावून हँडी लो पॉवरवर हातभर लांब धरली तरी भागतं. आणि मोजताना माइकमध्ये बोलू नका, एफएमचा आकडा हलतो.

रिमोटचं थोडक्यात: 433.92 मेगाहर्ट्झवरचा रिमोट कॅरिअर (मूळ रेडिओ लहर) चालू-बंद करत क्षणभर कोड सोडतो. काउंटरला गेट (मोजणीचा ठरलेला वेळ) उघडं असेपर्यंत सलग कॅरिअर लागतो, मधल्या मोकळ्या जागा मोजल्या गेल्या की आकडा खोटा येतो. डीएमआर (डिजिटल) हँडीही 30 मिलिसेकंद चालू, 30 बंद अशी चालते, म्हणून तिथेही हाच गोंधळ. असे सिग्नल एसडीआर डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या रेडिओ रिसीव्हरवर) बघावेत. तोही आमच्याकडे मिळतो, पण काउंटर घेताना तुम्ही फक्त हँडी तपासायची म्हणालात, म्हणून तो गळ्यात मारला नाही.

काउंटर घेऊन या. डायोड आणि आयसीचे पैसे द्यावे लागतील, मजुरी नको. तुमचा टीसीएक्सओ तसाच ठेवून जीपीएसवर तपासून देतो. हँडीही आणा, ती नक्की किती सरकलीय ते त्याच वेळी बघू. रविवारी दुकान बंद असतं.