चौघं जण उचलतील की!

सिंहस्थ जवळ आला की नाशिकचे वाद ठरलेले असतात. घाट किती वाढवायचे, रिंगरोड कुठून न्यायचा, झाडं किती पाडायची. परवा लंडनहून फोनवर बोलताना मी मध्येच विचारलं, या सगळ्या कामांत व्हीलचेअरवर येणाऱ्यांचं काय? काका म्हणाले, "अगं, कोट्यवधी लोक येणार, तू कुठे त्या थोड्यांचं घेऊन बसलीस? आणि आपल्याकडे माणुसकी आहे. चौघं जण उचलून नेतील की रामकुंडावर."

नेतीलच. त्याबद्दल शंका नाही. पण माझ्या आत्याला लहानपणी पोलिओ झाला आणि हयातीच्या दाखल्यासाठी तिला एका बँकेचा जिना चढवावा लागतो. साठी उलटलेल्या बाईला चार परके पुरुष उचलतात, तेव्हा पदर सावरायचा की पर्स, हे तिला कळत नाही. वर पोचावं तर साहेब जेवायला गेलेले. मग बसा, नाहीतर पुन्हा खाली. उचलणारे भले असतात म्हणून तिला रागावताही येत नाही. उपकाराची ही पंचाईत काकांना सांगून पटत नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा असा, की "तुमच्याकडचे लोकच सुसंस्कृत." मी इथे नगरपालिकेच्या वाचनालयात काम करते, रोज लोक बघते. तसं काही नाही. नव्वदच्या दशकात दिव्यांग आंदोलकांनी हातकड्या घालून स्वतःला बसना जखडून घेतलं, तेव्हा कुठे दिव्यांगांशी भेदभाव करायला मनाई करणारा 1995 चा कायदा आला. इमारतींच्या पायऱ्यांसारख्या अडचणी दूर करण्याची सक्ती तर 2004 मध्ये लागू झाली. आजही लंडनच्या भुयारी रेल्वेची बहुतेक स्थानकं पायऱ्यांशिवाय गाठता येत नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरालिम्पिक विजेत्या आणि हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्य टॅनी ग्रे-थॉम्पसन यांना किंग्ज क्रॉसला सरपटत गाडीतून उतरावं लागलं, कारण मदतीला कुणी आलंच नाही. आणि दाद मागायची तर बहुधा ज्याची अडवणूक झाली त्यानेच कोर्टात जायचं. व्हीलचेअर वापरणाऱ्या डग पॉली यांना बसमधल्या व्हीलचेअरच्या जागेवरून 2012 साली मिळालेल्या नकाराचा सर्वोच्च न्यायालयातला निकाल 2017 मध्ये लागला.

तरी एक गोष्ट इथे वेगळी आहे. 2010 च्या समानता कायद्यानुसार लोकांना सेवा देणाऱ्या संस्थेने आधीच विचार करून ठेवायचा असतो. आमच्या काउंटरवर श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी आवाज थेट यंत्रात पोचवणारा लूप बसवलेला आहे, फॉर्म मोठ्या अक्षरांतही मिळतात. महिनाभर कुणी वापरले नाहीत, तरी "कशाला ठेवलेत?" असं कुणी विचारत नाही. नाशिकमध्ये ऐकू येतं ते उलटं, की "आमच्याकडे दिव्यांग कुणी येतच नाही." जिना बघून परत गेलेला माणूस कुठल्या रजिस्टरात सापडणार?

कायदा आपल्याकडेही आहे, आणि चांगला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली. नियम जून 2017 मध्ये आले. म्हणजे मुदत केव्हाच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेच्या नियमातली ढिलाई कायद्याला धरून नसल्याचं सांगितलं आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत ठरवायला सांगितले.

सिंहस्थासाठी आता काँक्रीट पडतंच आहे, तर निविदेत उतार लिहायला कितीसा खर्च? सातपूरला नॅबसारखी संस्था अंधांसाठी काम करते. त्यांना नकाशा आधी दाखवावा, उद्घाटनाला बोलावण्याऐवजी. रॅम्प तर साध्या गणिताचा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. पंधरा सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर 5.4 मीटर. आपल्याकडचे बरेचसे रॅम्प याच्या निम्मेही नसतात; ते स्कूटर चढवायला केलेले असतात.

एवढी लांब जागा आणायची कुठून, हा काकांचा शेवटचा प्रश्न. आत्याच्या बँकेपुरतं सांगते. जागा दारासमोरच आहे, तिथे मॅनेजरसाहेबांची गाडी उभी असते.