आधी भरू का उतरताना?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून एकच विषय चालू आहे. धाकटे भाऊजी, जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि आमच्या सासूबाई असे पाच जण दिवाळीनंतर सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर चालले आहेत. तिकिटं झाली, पासपोर्ट झाले, सासूबाईंसाठी रबरी तळव्याच्या चपला झाल्या. गाडी अडली ती बुकिंगच्या पानावरच्या एका चौकटीत: 'ग्रॅच्युइटी आत्ता भरायची आहे का?'

भाऊजींचा फोन आला. "वहिनी, हे काय मागून राहिले? ग्रॅच्युइटी तर रिटायर झाल्यावर भेटते ना?"

सत्तावीस वर्षं सहकारी बँकेच्या काउंटरवर काढलेल्या बाईला हा प्रश्न विचारल्यावर मी आधी पोटभर हसले. मग सांगितलं की ही ती ग्रॅच्युइटी नव्हे, ही टिप. जहाजावरची खोली आवरणारा, जेवण वाढणारा, मागे चादरी धुणारा, या सगळ्यांसाठी माणशी दर दिवसाचा ठरलेला आकडा. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचा सध्या साध्या खोलीला साडेअठरा डॉलर आहे, स्वीटला, म्हणजे मोठ्या ऐसपैस खोलीला, एकवीस. बाकी मोठ्या कंपन्याही याच्याच मागेपुढे असतात. मूल असो की म्हातारं माणूस, बहुतेक ठिकाणी आकडा तोच. अगदी तान्ह्या बाळाला काही कंपन्या सोडतात, काही तेही सोडत नाहीत. पाच माणसं, चार रात्री, साडेअठरा डॉलर: झाले ३७०. डॉलर नव्वदीचा धरला तर ३३,३०० रुपये.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "वहिनी, तेहेतीस हजारात तर माझ्या पोराची कोचिंगची एक इन्स्टॉलमेंट जाते. मी नाही भरून राहिलो आधी. उतरताना पाहू. तिथे काउंटरवर जाऊन काढता येते म्हणतात."

काढता येते, हे खरं आहे. पुष्कळ कंपन्यांत शेवटच्या दिवसापर्यंत गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन हा आकडा कमी करून घेता येतो. मला हे माहीत आहे कारण मी त्या रांगेत उभी राहिलेली आहे. ही गोष्ट मी ग्रुपवर टाकली नाही, इथे टाकते.

मे २०२४. आम्ही दोघं आणि दोन मुलं. नागपुरात ४४ अंश चालू होते आणि आम्ही मुंबईमार्गे सिंगापूर, तिथून मरीना बे क्रूझ सेंटरला जहाजात. पेनांग, फुकेत, परत. ज्या एजंटाकडून बुकिंग केलं त्याने हात झटकून सांगितलं होतं, "मॅडम, सगळं इन्क्लूडेड आहे, तुम्ही फक्त कपडे घेऊन या." मी बँकेतली बाई, पण त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, कागद वाचलाच नाही. तिसऱ्या दिवशी मुलाने टीव्हीवर खोलीचा हिशेब उघडून पाहिला, तर रोज माणशी १६ डॉलर चढत होते. चार जणांचे चार दिवसांचे २५६ डॉलर. तेव्हाच्या ८३च्या भावाने २१ हजारांच्या वर. त्यावर कार्डाचा साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी चलनात खर्च केल्याबद्दल बँक लावते तो जादा आकार, आणि त्या मार्कअपवर जीएसटी, म्हणजे आणखी ८७८ रुपये. यांचा चेहरा असा झाला की फुकेतचा समुद्र दिसेना त्यांना.

शेवटच्या रात्री रांग केवढी! मधल्या चौकात एक मुलगा पियानो वाजवत होता, वर काचेचे झुंबर, आणि खाली पंचवीस-तीस माणसं हातात मोबाइल घेऊन उभी. त्यात आपल्याकडची बरीच. माझ्या पुढचे काका वर्धेचे निघाले. रांगेत ओळख निघाली, त्यांच्या साडूंचं घर आमच्या त्रिमूर्तीनगरातच. एरवी मला आनंद झाला असता. तिथे मात्र आम्ही दोघंही एकमेकांची नजर चुकवत होतो, जसं रेशनच्या दुकानात चारचाकीवाल्याला ओळखीचं कोणी दिसावं.

काउंटरवरच्या मुलीने अगदी नम्रपणे एक कागद पुढे सरकवला. कोणाच्या सेवेबद्दल तक्रार आहे? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोणाच्या सांगणार? आमची खोली आवरणारा मुलगा इंडोनेशियाचा होता. मला पहाटे गोळीसोबत गरम पाणी लागतं, हे त्याने पहिल्या दिवशी एकदा ऐकलं आणि पुढचे तिन्ही दिवस साडेपाचला दारावर हलकेच टकटक करून थर्मास ठेवून गेला. "गरम पानी, मॅडम." एवढे दोन शब्द त्याने कुठून शिकून घेतले होते, देव जाणे. रोज संध्याकाळी टॉवेलचा एक प्राणी. दुसऱ्या दिवशीच्या हत्तीला त्याने माझा चष्मा लावून ठेवला होता. मी तो चष्मा अर्धा तास शोधत होते.

तरी यांनी लिहिलं: 'आम्हाला याची पूर्वकल्पना दिली नव्हती.' खोटं नव्हतंच ते. मुलीने मान डोलावली, दोन मुलांचे १२८ डॉलर बिलातून कमी केले. आम्ही खोलीवर आलो. दाराबाहेर ठेवायच्या बॅगांना लावायचे टॅग त्या मुलाने पलंगावर नीट पसरून ठेवले होते, चार बॅगांचे चार.

सकाळी मी त्याच्या हातात वीस डॉलरची नोट ठेवली. त्याने दोन्ही हातांनी घेतली. आदल्या रात्रीचं त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि आम्ही काढून घेतलेले पैसे काही त्याच्या एकट्याच्या खिशातले नव्हते. ती रक्कम वाटली जाते. त्यातला काही वाटा खालच्या मजल्यांवर चादरी धुणाऱ्यांचा, भांडी घासणाऱ्यांचा, ज्यांचं तोंडही आपण पाहत नाही. दोष एजंटाचा, आळस माझा, आणि कापला वाटा त्यांचा. वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ते हेच.

म्हणून भाऊजींना मी सांगितलं, आधी भरा. त्या रांगेत उभं राहायची सोयच ठेवू नका. दमलेला माणूस, शेवटची रात्र, फुगलेलं बिल, हातात फोन. तेव्हा आपण जसे असतो तसे एरवी नसतो.

भाऊजी मात्र भाऊजी आहेत. त्यांचा मुद्दा असा: "पूर्ण पैसे आधी दिले की काम कोण करते वहिनी? सुताराला आधी दिले, तो तीन महिने फोन उचलून नाही राहिला." हे नागपुरात कोणालाही पटेल. मंडपवाला, केटरर, रंगारी, सगळ्यांना आपण थोडं हातचं ठेवूनच देतो. पण जहाजावर तसं नाही. आधी भरले नाहीत तरी रोज आपोआप चढतातच. फरक एवढाच की कधी. खोलीवरचा मुलगा तुम्ही आधी भरले का नंतर हे पाहून चादर ओढत नाही. त्याला खरी काळजी असते ती प्रवास संपल्यावर येणाऱ्या अभिप्रायाच्या फॉर्मची. तिथे त्याचं नाव चांगल्या शब्दांत आलं तर वरिष्ठांपर्यंत पोचतं. मी तो फॉर्म भरलाच नाही, ही दुसरी चूक.

आता पैशाचं. आधी भरण्यात एक सरळ फायदा असतो. हे दर कंपन्या अधूनमधून वाढवतात, आणि ज्यांनी वाढीच्या तारखेआधी भरले असतात त्यांना सहसा जुनाच दर लागतो. सहल रद्द झाली तर ही रक्कम परत मिळते, कारण जहाजावर पाऊल न ठेवता टिप कसली. रुपयाचं म्हणाल तर मे २०२४ मध्ये आम्ही ८३ने हिशेब केला होता, आता नव्वदीने करतोय. प्रवासापर्यंत तो उलटा फिरेल या भरवशावर बसायचं असेल तर बसा. एजंटामार्फत पॅकेजमध्येच टाकलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे एजंटाने आपल्याकडून आधीच घेऊन सरकारला भरायचा आयकर, कापला जाईल, पण तो रिटर्न भरताना वळता होतो. एक सांगते, एजंटाकडून पावतीवर 'ग्रॅच्युइटी' हा शब्द आणि आकडा वेगळा लिहून घ्या. 'इन्क्लूडेड' हा शब्द मी आता कोणाच्याही तोंडून ऐकून घेत नाही.

एका वेळी मात्र थांबावं. बुकिंगसोबत कधीकधी जहाजावर खर्चायला काही डॉलर जमा मिळतात, ऑनबोर्ड क्रेडिट. ते अनेकदा परत मिळत नाहीत, तिथेच संपवावे लागतात. तसे असतील तर ग्रॅच्युइटी जहाजावरच चढू द्या, त्यातून वळती होते. नाहीतर लोक शेवटच्या दिवशी ते संपवायला अत्तराच्या बाटल्या घेतात आणि घरी येऊन कपाटात ठेवतात. आमच्या शेजारणीकडे अशा दोन आहेत.

आणि हो, दारू किंवा स्पा घेणार असाल तर तिथे १८ टक्के वगैरे वेगळे लागतात. आमच्या घरी तो प्रश्न नाही, निदान उघडपणे तरी.

आता जे मला अजूनही टोचतं तेही लिहिते, नाहीतर म्हणाल वहिनी कंपनीची वकील झाली. ही टिप नाहीच मुळी, हा पगार आहे. कंपनीने तिकिटात घातला असता तर तिकीट महाग दिसलं असतं, म्हणून बाहेर काढून आपल्या माथी ठेवलाय. आपल्याकडे ४ जुलै २०२२ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हॉटेलने बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, आणि २८ मार्च २०२५ला दिल्ली उच्च न्यायालयाने तेच उचलून धरलं. भाऊजींनी हा निकाल मला ग्रुपवर पाठवलाही. पण जहाजावर झेंडा बहामाजचा नाहीतर पनामाचा, तिथे आपला ग्राहक कायदा कोण विचारतो. कामगारांसाठी समुद्रावर २००६चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानेही २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यातही मर्यादा कोणती, तर दिवसाला जास्तीत जास्त १४ तास काम आणि आठवड्याला ७२. अशी सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांची कंत्राटं. आमच्या बँकेत मार्चएंडला आठ दिवस उशिरापर्यंत बसलो तर युनियन दारात यायची.

तेव्हा राग यायलाच हवा, पण तो कंपनीवर. कंपनीला ईमेल लिहा, तिकिटातच पगार घालणाऱ्या कंपनीचं तिकीट घ्या. असतात अशा, महाग असतात. चादर बदलणाऱ्याच्या साडेअठरा डॉलरवर काढण्यात काय मर्दुमकी.

सासूबाईंनी या सगळ्यात एकच वाक्य म्हटलं. त्या सोफ्यावर बसून वाल सोलत होत्या. "गुरुजींची दक्षिणा आता पूजेआधीच ठरवून घेता ना? मग यालाच काहून एवढी चर्चा?" भाऊजी गप्प. गेल्या श्रावणात सत्यनारायणाला गुरुजींनी क्यूआर कोडच समोर ठेवला होता, साहित्यासह आकडा आधीच सांगून, आणि भाऊजींनीच स्कॅन केला होता.

खरं तर आपल्याकडे टिपेची सवयच अर्धवट आहे. सावजीत कोणी टिप ठेवतं? तर्रीने घाम फुटलेला असतो, माणूस नाक पुसत बाहेर पडतो. धरमपेठेतल्या एसी हॉटेलात बडीशेपेच्या बशीत वीसची नोट ठेवतो आणि दोनदा वळून पाहतो की वेटरने पाहिली का. आपल्याला देताना दिसायला हवं असतं. जहाजावर बिलात मुकाट्याने गेलेले पैसे म्हणून जिवावर येतात, दिल्यासारखंच वाटत नाही.

ती हौस भागवायची असेल तर थोडे सुटे डॉलर वेगळे ठेवा. गरम पाणी आणणाऱ्याला, सासूबाईंची व्हीलचेअर ढकलणाऱ्याला, मुलांच्या क्लबमधल्या ताईला हातात द्या, नाव विचारून द्या. सिंगापूर शहरात मात्र टिपेची पद्धत नाही, टॅक्सीवाल्याला देऊ नका.

काल रात्री अकरा वाजता ग्रुपवर भाऊजींचा स्क्रीनशॉट आला. ३७० डॉलर, भरले. खाली फक्त एक रडका चेहरा. जाऊबाईंनी त्यावर हार्ट टाकला, सासूबाईंनी चुकून गणपतीचं स्टिकर.

आता एकच मदत हवी आहे. सीताबर्डीवर, सदरला दोन ठिकाणी विचारलं, सगळे शंभर-पन्नासच्याच नोटा दाखवतात. एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटा नागपुरात कुठे मिळतील, कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. साठ-सत्तर डॉलरपुरत्या पुरेत.