निवेदन मिळालं, आता गुन्हा घ्या

गेल्या आठवड्यात माझा अर्ज तिसऱ्यांदा परत आला. कारण एका ओळीत लिहिलंय, 'चारित्र्य पडताळणीत गुन्हा नोंद असल्याचे दिसून येते.' तहसीलसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. सेवा केंद्राचा परवाना मिळाला तर उत्पन्नाचे दाखले, रहिवासी दाखले दुकानातूनच काढता येतील, दोन पैसे जास्तीचे सुटतील, म्हणून हा खटाटोप. आणि माझा गुन्हा काय, तर रिकामा हंडा घेऊन रस्त्यावर बसले. चाळीस मिनिटं.

हसा. मलाही आधी हसूच येतं, मग डोकं फिरतं.

आम्ही जालना जिल्ह्यातले. पाण्याचं आमच्याकडे काय आहे ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको आणि पुण्यातल्या माणसाला सांगून कळत नाही. आठ-नऊ दिवसांनी नळ आला तर आम्ही त्याला वेळेवर आला म्हणतो. २०२३ च्या मे महिन्यात मात्र पंधरावा दिवस उजाडला तरी नळाला नुसती हवा. त्याआधी आमच्या गल्लीनं तीन निवेदनं दिली होती. तिन्ही मीच टाइप केली, माझ्याच दुकानात, माझ्याच कागदावर.

निवेदन म्हणजे माझा हातखंडा. फाइल कायम उघडीच असते. प्रति, मा. अमुक साहेब. विषय. महोदय, उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की. मग रडगाणं. शेवटी तो ठरलेला परिच्छेद, 'सात दिवसांत मागणी मान्य न झाल्यास लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास सर्वस्वी प्रशासन जबाबदार राहील.' खाली माहितीस्तव प्रत, पोलीस निरीक्षक. झालं. चार प्रती काढायच्या, सह्या घ्यायच्या, समोरच्या इमारतीत जायचं, आवक खिडकीवर शिक्का मारून घ्यायचा. शिक्क्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला की लोकांना वाटतं निम्मं काम झालं. एकदा तर त्याच इमारतीतला शिपाई माझ्याकडे आला. "ताई, मागच्या महिन्यातलं ते निवेदन तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असेल ना? एक प्रत काढून द्या, आमच्याकडची सापडंना." लोकांची तक्रार सरकारकडे नाही, झेरॉक्सवालीकडे आहे! दोन रुपये घेतले मी त्याच्याकडून. सोडले नाहीत.

तर तीन शिक्के झाले, पाणी शून्य. सोळाव्या दिवशी सकाळी बायका हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या. मीही बसले. आमच्यात म्हाताऱ्या होत्या, एक बाळंतपणाला माहेरी आलेली पोरगी होती, आणि सगळ्या जातीच्या होत्या, हे मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचं काम आहे. चाळीस मिनिटांत साहेब आले. तीन महिने ज्यांची सही मिळत नव्हती ते चप्पल घालायच्या आधी गाडीत बसले असतील असे आले. दोन तासांत टँकर आला. पाणी होतं. सगळा वेळ होतं! फक्त कुणी आणून देत नव्हतं.

मग आम्ही शिकलो काय? अर्ज केला तर शिक्का मिळतो, रस्ता अडवला तर पाणी मिळतं. हे आम्हाला कुणा पुढाऱ्यानं शिकवलं नाही, सरकारनंच शिकवलं. आणि शिकवून झाल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी गुन्हा दाखल केला. 'गैरकायद्याची मंडळी जमवून, विनापरवाना रास्ता रोको करून, मनाई आदेशाचे उल्लंघन केले.' भारतीय दंड विधान म्हणजे भादंवि, त्याची कलमं १४३, ३४१, १८८, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७ आणि १३५. अकरा महिला नावानिशी आणि 'इतर २० ते २५ अनोळखी'.

हा मनाई आदेश काय असतो माहितीये का? कलम ३७(३) खाली जमाव-मिरवणुकीवर पंधरा दिवसांपर्यंत बंदी घालता येते. पंधरा दिवस संपले की नवा आदेश. कधी सण, कधी जयंती, कधी निवडणूक, कधी नुसतंच 'आंदोलनाची शक्यता'. पाच माणसं जमली की बेकायदा. हळदीकुंकवाला पन्नास जमतात तेव्हा कुणी येत नाही. म्हणजे आदेश कायमचा टांगून ठेवायचा आणि लागेल तेव्हा लागेल त्याच्या डोक्यावर पाडायचा.

तीन महिन्यांनी, १ सप्टेंबर २०२३ ला, आमच्याच जिल्ह्यात अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्या माणसांवर, बायाबापड्यांवर. त्यानंतर जे पेटलं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. गृहमंत्र्यांनी क्षमा मागितली, पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर धाडलं, गुन्हे मागे घेण्याचं आश्वासन दिलं. मागायलाच पाहिजे होती क्षमा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, तेच लोक मुंबईत आझाद मैदानावर गेले तेव्हा मागण्यांच्या यादीत परत तीच ओळ होती, गुन्हे मागे घ्या. लाखोंनी माणसं रस्त्यावर आणणाऱ्यांना ती ओळ पुन्हा टाइप करावी लागते, तर अकरा बायकांना कोण विचारतो?

त्या आझाद मैदानाचंही घ्या. परवानगी किती, तर पाच हजार माणसं, एक दिवस, संध्याकाळी सहाला उठायचं. जणू शाळेचं स्नेहसंमेलन आहे. गेली किती माणसं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंत. मुंबईकर वैतागले, त्यांचं चुकलं नाही, उच्च न्यायालयानं रस्ते मोकळे करायला सांगितलं. आणि २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला, म्हणजे निजामकाळातल्या जुन्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचा शासन निर्णय. पाच दिवसांत! मग तो आधी का नाही निघाला? २९ ऑगस्टला जे गॅझेट होतं तेच २ सप्टेंबरला होतं. तेही आमच्या टँकरसारखंच. चालक गाडीत बसूनच असतो, कुणीतरी रस्ता अडवायची वाट बघत.

'शांततेत करा हो, आम्ही ऐकतो,' हे तर बोलूच नका. २०१६-१७ मध्ये मराठ्यांचे ५८ मूक मोर्चे निघाले. मूक! घोषणा नाही, मागून येणारी पोरं रस्ता झाडत यायची. मी स्वतः पाहिलंय. कौतुक किती झालं! २०१८ ला आरक्षणाचा कायदा झाला, मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला तो गेलाच. नाशिकहून २०१८ च्या मार्चमध्ये शेतकरी-आदिवासी १८० किलोमीटर चालत मुंबईत आले. शेवटच्या रात्री झोपायचं सोडून अंधारातच आझाद मैदान गाठलं, कारण सकाळी दहावीच्या पोरांचा पेपर होता. पायांची सालटी निघालेली आणि काळजी कुणाची, तर तुमच्या पोरांच्या पेपरची. सरकारनं लेखी दिलं. लेखी! तरी २०१९ ला परत निघावं लागलं, २०२३ ला परत. वासिंदपर्यंत आलेल्या त्या मोर्चात एक शेतकरी दगावलाही. माझ्या शिक्क्याचं मोठं भावंड म्हणजे लेखी आश्वासन, दुसरं काही नाही.

आता दुकानातली गोष्ट. अंतरवाली आणि वडीगोद्री, दोन्ही अंबड तालुक्यातली गावं. एकीकडे मराठा आरक्षणाचं उपोषण, दुसरीकडे २०२४ च्या जूनमध्ये ओबीसी आरक्षण वाचवायचं उपोषण. सकाळी माझ्याकडे एक गट येतो, दुपारी दुसरा. फाइल एकच. विषय बदलायचा, मधले दोन परिच्छेद बदलायचे, शेवट तोच, लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन. दोघांनाही मुंबईहून एकच उत्तर येतं, सरकार सकारात्मक आहे. एकाला जीआर दाखवायचा, दुसऱ्याला सांगायचं की या जीआरनं तुझं काही जात नाही. दोन्हीकडे मंत्री जाणार, हातात रसाचा ग्लास, फोटो. दोघांनाही एकाच वेळी खरं सांगितलं असेल तर एक तर मला मराठी वाचता येत नाही, नाहीतर त्यांना लिहिता येत नाही. २ सप्टेंबरच्या जीआरनंतर खुद्द मंत्रिमंडळातले ओबीसी नेते छगन भुजबळच मंत्रिमंडळाच्या बैठकीला गेले नाहीत. मग गल्लीतल्या माणसानं काय समजायचं?

गल्लीतल्या माणसानं जे समजायचं ते समजलं. एक जण येऊन विचारून गेला, "त्यांचं निवेदन पण तुम्हीच टाइप केलं का?" केलं. पाच रुपये पान, जातीनुसार रेट नाही. तो परत आला नाही. उलट बाजूचेही दोघे-तिघे आता बसस्टँडजवळच्या दुकानात जातात. कुठल्या बाजूची आहेस म्हणून माझं आडनाव विचारणारे मला मेसेज करतीलच, त्यांना आत्ताच सांगते, हंडा हे आडनाव समजा.

सगळ्यात वाईट कोर्टात वाटतं. आम्ही अकरा जणी एका रस्त्यावर मांडीला मांडी लावून बसलो होतो. आता तारखेला दोन रिक्षा कराव्या लागतात. एकीत एका बाजूच्या, दुसरीत दुसऱ्या बाजूच्या. मी ज्या रिक्षात जागा असेल तिच्यात बसते, म्हणून दोन्हीकडे माझ्यावर संशय. वकील तारखेचे पाचशे घेतात. आणि आरोपी क्रमांक चार, आमच्या गल्लीतल्या आजी, गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स मीच काढून कोर्टात दिली. तरी मागच्या तारखेला शिपायानं दारात उभं राहून त्यांच्या नावाचा तीनदा पुकारा केला. आम्ही सगळ्याजणी एकमेकींकडे बघत राहिलो. त्या एका क्षणी बाजू वगैरे काही नव्हत्या.

पुढाऱ्यांचं काय सांगावं? विरोधात असले की आंदोलन पवित्र, सत्तेत आले की तेच 'राजकीय हेतूनं प्रेरित'. २०२१ ला एसटीचे कर्मचारी सरकारात विलीनीकरणासाठी संपावर गेले, जवळपास साडेपाच महिने. तेव्हाच्या सरकारनं निलंबनं केली, तेव्हाचे विरोधक मैदानात त्यांच्या शेजारी जाऊन बसले. २०२२ ला शेजारी बसणारे सत्तेत आले. विलीनीकरण झालं? मग निलंबनं करणारे विरोधात गेले आणि त्यांना आंदोलनाचा पुळका आला. बदलापूरच्या वेळी, ऑगस्ट २०२४ मध्ये, अत्याचार झालेल्या शाळेतल्या चिमुरड्यांसाठी रुळांवर उतरलेल्या लोकांना काय ऐकावं लागलं, तर माणसं बाहेरून आणलीत. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी वर्षभर बसले तेव्हा 'आंदोलनजीवी' हा शब्द खुद्द पंतप्रधानांनी २०२१ ला राज्यसभेत दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिन्ही कृषी कायदे मागे घेतले, चर्चा न करता. आले तसेच गेले. आता आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. नक्षलवाद्यांसाठी आहे म्हणतात, साध्या माणसानं घाबरायचं कारण नाही म्हणतात. अहो, जमावबंदीसुद्धा दंगलखोरांसाठीच होती. माझ्याकडे दंगलीचं सामान म्हणून एक स्टीलचा हंडा होता.

'अहो पण राजकीय-सामाजिक आंदोलनातले गुन्हे मागे घेतात ना?' घेतात. शासन निर्णय आहे. जीवितहानी नको, मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नको. आमच्यात नुकसान एकच झालं, पोलिसांच्या जीपचं चाक लागून एका हंड्याला पोचा पडला, तो आमचाच होता. तेव्हा आम्ही या नियमात बसायला हवं. पण टीव्हीवर 'गुन्हे मागे' असं झळकलं म्हणजे गुन्हे मागे गेले असं होत नाही. समितीपुढे प्रकरण जायला हवं, समितीनं शिफारस करायला हवी, मग सरकारी वकिलानं कोर्टात अर्ज करायचा, कोर्टानं परवानगी द्यायची. समितीपुढे नाव कुणाचं आधी जातं? ज्याच्या मागे झेंडा आहे त्याचं. आमच्या मागे कोण आहे? पाणी सगळ्यांना लागतं, म्हणजे पाण्याची व्होट बँक नाही.

समितीकडे अर्ज दिलाय मी, नाही असं नाही. कसा दिला? निवेदन टाइप केलं. शिक्का मारून घेतला. चौदा महिने झाले.

परवा पलीकडच्या गल्लीतल्या चार बायका आल्या. बारा दिवस नळ नाही, ताई निवेदन टाइप करून द्या. जुनी फाइल उघडली, तारीख बदलली, वॉर्ड बदलला. शेवटच्या परिच्छेदाशी हात थांबला. म्हटलं, "हे तीव्र आंदोलनाचं ठेवू की काढू?"

त्यातली एक म्हणाली, "ठेवा की. त्याशिवाय घेतेत व्हय?"

ठेवलं. चार प्रती, वीस रुपये.