बँजोवाल्यांनी सुपारी कुणाची घ्यायची?

गेल्या नोव्हेंबरात चुलतभावानं बेळगावहून एक व्हिडिओ पाठवला. लाल-पिवळे झेंडे, गर्दी, आणि टेम्पोवर आमच्याच गल्लीची बँजो पार्टी. राज्योत्सवाच्या मिरवणुकीत कन्नड गाणं वाजवत होती. खाली भावानं लिहिलं होतं, 'बघ, विकले गेले.'

सीमाभागाबाहेरच्यांना यात एवढं काय, असं वाटेल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. तेव्हापासून तो दिवस कर्नाटकात राज्योत्सव आणि आमच्या घरात काळा दिवस. वडील काळी फीत लावून सायकल फेरीला जायचे. त्या दिवशी आई रेडिओसुद्धा लावत नसे. म्हणून व्हिडिओ पाहिल्यावर पोटात गलबललं, हे मी लपवणार नाही. मँचेस्टरमध्ये अकरा वर्षं काढली तरी ते गेलेलं नाही.

पण वाजवणारा कोण हेही मला पहिल्या चार सुरांत कळलं. बँजो म्हणजे आमच्याकडचा, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. मामा (नात्यानं कुणी नाहीत, सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते) डाव्या हातानं बटण दाबतात आणि वरच्या गंधारावर क्षणभर रेंगाळतात, मग खाली येतात. असं दुसरं कुणी वाजवलेलं मी ऐकलेलं नाही.

आयुष्यातली सगळ्यात मोठी मैफल कोणती असं विचारलं तर मी विसर्जनाची एक पहाट सांगेन. बेळगावची मिरवणूक अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी निघते ती दुसऱ्या दिवसावर जाते. पहाटे साडेचारच्या सुमाराला आमचा गणपती कपिलेश्वर तलावाच्या रस्त्यावर अडकला होता. पुढं दहा-बारा मंडळं. ढोलवाली पोरं ट्रॉलीला टेकून झोपलेली. बारीक पाऊस. मामांनी बोटाची भिजलेली चिकटपट्टी दातानं काढली, नवी गुंडाळली आणि ताशाशिवाय, एकट्या बँजोवर एक अभंग धरला. कुणी नाचलं नाही. पलीकडच्या मंडळानं आपला आवाज बंद केला. कठड्यावर बसलेला एक हवालदार टोपी काढून ऐकत होता. तो कन्नड होता की मराठी, हे त्या वेळी कुणाच्या मनातही आलं नाही.

'विकला गेला' हा आरोप इथं मँचेस्टरमध्येही जुना आहे. १७ मे १९६६ ला इथल्या फ्री ट्रेड हॉलमध्ये बॉब डिलन गायला. पूर्वार्धात एकटा, साध्या गिटारवर. उत्तरार्धात विजेची गिटार आणि मागं बँड घेऊन आला आणि लोकसंगीताचे चाहते बिथरले. आपला गायक बाजारू झाला असं त्यांना वाटलं. प्रेक्षकांतून एकजण ओरडला, 'ज्यूडास!' म्हणजे तीस नाण्यांसाठी येशूला धरून देणारा. त्या इमारतीत आता हॉटेल आहे. मी मुद्दाम जाऊन बाहेर उभा राहिलो होतो. एक मात्र मला त्या माणसाबद्दल मान्य आहे. ओरडणारा पैसे मोजून आत आला होता.

दुसरी गोष्ट ताजी. २०२५ च्या जुलैत ओअॅसिस हा याच शहराचा बँड हीटन पार्कमध्ये पाच रात्री वाजवून गेला. त्यांची तिकिटं विक्रीला आली तेव्हा दीडशे पौंडांच्या आसपासचं उभं राहण्याचं तिकीट रांगेतल्या माणसाचा नंबर लागेपर्यंत साडेतीनशेच्या वर गेलं होतं. माझ्याबरोबर काम करणारी बाई १९९६ ला त्यांना मेन रोडच्या मैदानावर ऐकून आलेली. तिला एवढे पैसे परवडले नाहीत. आम्ही दोघं पार्कबाहेरच्या उतारावर गवतात बसून ऐकलं, आमच्यासारखी पुष्कळ माणसं होती. दहा वाजत आले तरी उजेड होता. प्रत्येक ओळ तिला पाठ. मध्येच डोळे पुसत म्हणाली, गाणी आमची आहेत, तिकीट तेवढं आमचं नाही. बँडनं गाणी बदलली नव्हती, सूर सोडला नव्हता. तरी त्या रात्री काहीतरी विकलं गेलं होतं आणि किंमत जुन्या चाहत्यांनी मोजली, असं माझं मत आहे.

म्हणून मी भावाशी वाद घालण्याआधी मामांना फोन लावला. मामा आवाज न चढवता बोलले. ''तीन वर्सं झाली, गणपतीला मंडळानं आमाला सुपारी दिल्याली नाही. भायरनं डीजे आणत्यात. शिवजयंतीलाबी तेच. चौदा पोरं हायत माझ्याकडं, त्यांचं काय करू सांग?'' थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, ''तुजा बा असता तर मी गेलो नसतो बघ.''

हे शेवटचं वाक्य मला अजून टोचतं. त्यांना तो दिवस कळत नव्हता असं नाही.

आपल्या भाषेत गायकाला बिदागी देतात, वक्त्याला मानधन, आणि बँजोवाला सुपारी घेतो. तिन्ही पैसेच, पण तिसऱ्या शब्दाला आपण आधीच डाग लावून ठेवलाय. ज्या मंडळानं मामांना पहाटेपर्यंत वाजवायला लावलं, त्यानंच त्यांना सोडून भिंती हलवणारे स्पीकर आणले. मामा विकले गेले असतील तर विकायला कुणी काढले? काळ्या दिवसाचा अभिमान मलाही आहे. तो वर्षातला एक दिवस. मिरवणुका, लग्नं, जत्रा उरलेल्या दिवसांत होतात, तेव्हा मराठी बँजो आपल्याला आठवत नाही.

भाषेचं म्हणाल तर आमच्या मातीतले सूर कधीच एका बाजूला राहिले नाहीत. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घरची भाषा कन्नड. भीमसेन जोशींनी तुकोबांचे अभंग गायले आणि कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदंही. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कन्नड गाणं वाजवलं म्हणून मामांचा बँजो बाटला, हे मी मानणार नाही. दिवस चुकला, हे मानतो. त्यांच्यापेक्षा जास्त ते आपलं चुकलं.

भावाला एवढंच कळवलं. चार दिवस तो बोलला नाही.

या वर्षीची वर्गणी मी आधीच पाठवली आहे, नेहमीपेक्षा जास्त. सोबत लिहिलं की ही रक्कम बँजोच्या सुपारीसाठी, डीजेसाठी नाही. खजिनदारांनी पैसे मिळाल्याचं कळवलं. बँजोबद्दल अजून काही बोललेले नाहीत. रविवारी पुन्हा फोन करणार आहे.