आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: वानोवरच्या तक्रारींशी थोडं भांडण

वन पीस ही ओडाची समुद्री चाच्यांची जपानी चित्रकथा (मांगा) वाचणारी कुठलीही दोन माणसं एका टेबलाशी बसवा, चहा येईपर्यंत वानोचा, म्हणजे त्या नावाच्या बंद देशात घडणाऱ्या पर्वाचा, विषय निघतोच. आणि तो निघाला की एक ठरलेली यादीही बाहेर येते. मला ती इतक्या जणांनी इतक्या वेळा पाठवली आहे की आता पाठ झाली आहे. वानो उगाच ताणला. कोणी मरतच नाही, म्हणून कशालाच किंमत नाही. नायक लुफी हरला तेव्हा ओडानं खिशातून देव काढला. लुफीच्या खलाशांना काही कामच नाही. आणि एवढं करून शेवटी वानोच्या नव्या शोगुननं, मोमोनोसुकेनं, देशाची दारं बंदच ठेवली, म्हणजे सगळं मुसळ केरात. निकाल: 'वानोनं वन पीस बुडवलं.'

मी काही वानोचा आंधळा भक्त नाही. त्यातली काही पानं आजही वाचताना मी चरफडतो. पण ही यादी बघितली की वाटतं, दुखतंय हे खरं, फक्त पेशंट बोट भलतीकडेच दाखवतोय. (पुढे सगळं फोडून सांगणार आहे. ज्यांचं चॅप्टर 1057 पर्यंत वाचून झालेलं नाही, त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

लांबीपासून सुरू करू, कारण तिथे निदान मोजता तरी येतं. वानो म्हणजे 909 ते 1057, एकूण 149 चॅप्टर, जुलै 2018 ते ऑगस्ट 2022. आकडा दांडगा आहे. आधीचं ड्रेसरोझा पर्वही लांबलं म्हणून लोक ओरडत होते, ते 102 मध्ये आटोपलं होतं. पण हे 149 एकजिनसी नाहीत. ओडानं वानोची मांडणी काबुकी नाटकासारखी केली आहे: पडदा सरकतो, तंतुवाद्याची तार 'बेबेन' वाजते, निवेदक बोलतो, अंक पडतो. पहिला अंक 16 चॅप्टरचा, दुसरा 31 चा, मध्ये दोन चॅप्टरचा विष्कंभक आणि तिसरा अंक तब्बल शंभरचा! म्हणजे 'वानो लांबला' हे वाक्यच चुकीचं आहे. लांबला तो तिसरा अंक. पहिल्या दोन अंकांत कुरी, ओकोबोरे, उदोनचा तुरुंग, राजधानी, एबिसु अशी एवढी माणसं आणि गावं बसवली आहेत की मला तर तिथे आणखी चार पानं हवी होती.

तिसऱ्या अंकातही मोमोनोसुकेच्या बापाचा, ओडेनचा, भूतकाळ बाजूला काढा, तो 960 ते 972 असा तेरा चॅप्टरचा आहे आणि त्यातलं पान काढा म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. उरतो वानो बळकावून बसलेल्या कैडोच्या ओनिगाशिमा बेटावरचा हल्ला. कथेत ती एक रात्र आहे, आमच्या आयुष्यात ती दोन वर्षांहून जास्त चालली. त्यातला बराच काळ लॉकडाऊनचा. रविवारी रात्री साडेआठला फोन हातात घेऊन बसायचं, सतरा पानं तीन मिनिटांत संपवायची आणि शेवटी 'पुढच्या आठवड्यात सुट्टी' वाचून फोन पालथा टाकायचा. त्या चिडचिडीचं बिल वानोच्या नावावर फाडलं गेलं आहे. अॅनिमेवाल्यांचं तर आणखी वाईट: 890 ते 1085, म्हणजे 196 भाग. 149 चॅप्टरचे 196 भाग करायचे म्हटल्यावर एका भागाच्या वाट्याला एक चॅप्टरही येत नाही. मग एकमेकांकडे बघत उभे राहिलेले योद्धे येणारच. तो दोष ओडाचा नाही.

ओडाचा दोष वेगळा आहे आणि तो यादीत नाही. त्या एका रात्रीत 'किल्ल्यातले सगळे आता मरणार' हा भोंगा तीनदा वाजतो. हवेत उचललेलं बेट राजधानीवर कोसळणार, कोठारातल्या दारूगोळ्याचा स्फोट होणार, फितूर कांजुरोचा आगीचा राक्षस सगळं जाळत सुटणार. तिन्ही संकटं वेळेवर टळतात. एक पुरलं असतं. कात्री लावायचीच तर इथे लावा.

आता 'कोणी मरत नाही'. या तक्रारीचा पोस्टर बॉय ओडेनचा सेवक किनएमोन. कैडो त्याच्या आरपार तलवार खुपसतो, आम्ही हळहळतो आणि नंतर कळतं की आधीच्या पंक हझार्ड पर्वात लॉ या चाच्यानं कापलेलं त्याचं शरीर नीट जुळलेलंच नव्हतं, तलवार त्या फटीतून गेली. हसू आलं आणि रागही आला, हे कबूल. पण म्हणून कोणीच मेलं नाही? यासुइए मेला. आशुरा दोजी मेला. इझो मेला. किकूचा हात गेला. म्हणजे तक्रार तथ्यावर टिकत नाही. मग ती इतक्या जणांना खरी का वाटते? कारण आशुरा आणि इझो गेले हे कथा आपल्याला जवळजवळ जाता जाता सांगते. वीस वर्षं धन्याच्या सूडाची वाट बघणारा आशुरा आणि व्हाइटबिअर्डच्या जहाजावरून परत मायदेशी आलेला इझो, या दोघांसाठी कोणी ओक्साबोक्शी रडलेलं एक अख्खं पान नाही. मरण आहे, सुतक नाही.

ते ओडाला जमत नाही असंही नाही, कारण त्याच वानोत यासुइएचं मरण आहे. एकेकाळचा सरदार, एबिसु गावात विदूषक होऊन राहिलेला. उशिमित्सु कोझो हा चोर मीच, असं खोटं सांगून तो वधस्तंभावर चढतो, शेवटपर्यंत विनोद करतो आणि गोळ्या लागून कोसळतो. त्याची छोटी मुलगी तोको धावत येते आणि हसते. खदखदून हसते, डोळ्यांतून पाणी वाहतंय तरी. सगळं गावच हसतं. कारण अंगी शक्ती यावी म्हणून बनवलेल्या स्माइल फळांपैकी दहातलं एकच लागू पडतं, आणि उरलेली खाणाऱ्याचा चेहरा हसण्याखेरीज काहीच दाखवू शकत नाही. कैडो आणि त्याच्या जोरावर शोगुन बनलेल्या ओरोचीनं ती उष्टी फळं या भुकेल्या गावात पेरली. दुःख करण्याचा हक्कही काढून घेतलेली माणसं! इतका क्रूर प्रसंग वन पीसमध्ये मला दुसरा आठवत नाही. 'वानोत कशालाच किंमत नाही' म्हणणाऱ्यानं 942 आणि 943 पुन्हा वाचावेत, मग बोलू.

आणि इथूनच मी तिसऱ्या आरोपाकडे येतो, कारण माझ्या मते त्याचं उत्तर या गावात आहे.

आरोप असा: लुफी मेल्यात जमा होता, अचानक हृदय ढोलासारखं वाजू लागलं, जागतिक सरकारच्या पाच म्हाताऱ्यांनी, गोरोसेईंनी, सांगितलं की लुफीचं शरीर रबराचं करणारं ते फळ गोमू गोमू नव्हतंच, ते निका नावाच्या सूर्यदेवाचं, आणि लुफी गिअर 5 या नव्या रूपात हसत उठला. आयत्या वेळी देव प्रकट, खेळ खलास.

'आयत्या वेळी' हे खरं नाही. कैडोचा माणूस हूज-हू लुफीच्या खलाशाशी, जिनबेशी, लढताना गोमू गोमू फळ सरकारी जहाजावरून शँक्स या चाच्यानं पळवलं हे सांगतो, ते 1017 मध्ये. निकाचं नाव लगेच 1018 मध्ये. गिअर 5 येतो 1044 मध्ये, मार्च 2022 ला, म्हणजे दोन डझनांहून जास्त चॅप्टरनंतर. फळ 'जागृत' होणं ही कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी, खलनायक डोफ्लामिंगोनं ड्रेसरोझात ती वापरून दाखवली होती. कोणी म्हणेल, वीस वर्षांपूर्वी पेरायला हवं होतं. म्हणू दे. पण 1018 नंतर आम्ही किती रात्री 'निका कोण' यावर डोकी फोडली, ते विसरून आता 'अचानक' म्हणणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

पण तारखांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती जात. आलेला देव कसला आहे? वीज फेकणारा नाही, तलवार उपसणारा नाही. गुलामांना हसवणारा. लुफी त्या रूपात कैडोला दोरीसारखा फिरवतो, जमिनीचं रबर करतो, वीज मुठीत धरतो, आणि सारा वेळ हसतो. ज्या देशात हसू ही शिक्षा म्हणून लादली गेली, त्या देशाच्या डोक्यावर, त्याच रात्री, हसू हे हत्यार होतं. एबिसुचं गाव आधी दाखवून मग हा देव आणणं, याला खिशातून देव काढणं म्हणत नाहीत. स्माइल फळांचं नाव स्माइल का आहे, हे मला 1044 वाचताना खऱ्या अर्थानं कळलं.

तरीही एक खोट आहे. लुफी त्याआधी कोसळतो तो कैडोच्या जोरावर नाही. सीपी झीरो या सरकारी गुप्तहेर दलाचा माणूस मध्ये कडमडतो, लुफीचं लक्ष क्षणभर विचलित होतं आणि फटका बसतो. खुद्द कैडो त्यावर भडकतो. त्याआधी कैडोनं लुफीला दोनदा लोळवलं होतं, तेही निर्विवाद. तिसऱ्यांदा बाहेरच्या माणसाची गरज का पडली? सरकार निकाला किती घाबरतं हे दाखवायचं होतं, समजतं. पण त्या पायी झुंजीचा निकाल भेसळीचा झाला. यादी करणाऱ्यांनी देवावर जेवढी शाई सांडली, तिच्यातली थोडी या माणसावर सांडायला हवी होती.

खलाशांना काम नाही, या आरोपावर मी फार वेळ घालवणार नाही. कैडोच्या सैन्यातल्या उल्टीच्या तावडीत सापडलेली, समोर मरण दिसत असूनही 'लुफी समुद्री चाच्यांचा राजा होणार नाही' हे एक वाक्य बोलायला नकार देणारी नामी. ब्लॅक मारियाच्या जाळ्यात अडकल्यावर रॉबिनला हाक मारणारा सांजी, आणि आपल्यावर टाकलेल्या त्या विश्वासानंच खूश झालेली रॉबिन. आपण 'आपण' राहिलो नाही तर मला मार, असं झोरोला सांगणारा तोच सांजी. ज्यांना यात काम दिसत नाही त्यांना बहुधा फक्त ठोसे मोजायचे असतात. कैडोचं पोर यामातो लुफीच्या जहाजावर चढलं नाही याचं दुःख मात्र मला मान्य. इतके चॅप्टर 'मी येणार, मी येणार' ऐकल्यावर धक्क्यावरून हात हलवणं म्हणजे जेवायला बोलावून ताट न वाढण्यासारखं आहे.

आता सीमा. ओडेनचं स्वप्न होतं देश खुला करायचं. त्यासाठी तो उकळत्या तेलात उभा राहिला, त्याच्या बायकोनं, तोकीनं, माणसं काळात वीस वर्षं पुढे पाठवली, आणि मोमोनोसुके शोगुन झाल्यावर म्हणतो, आत्ता नाही. 'मग लढलात कशाला?'

लढले ते सीमेसाठी नाही, जेवणासाठी. वानोत लुफी सगळ्यात आधी जे वचन देतो ते ओतामाला. घरातला शेवटचा भात त्याला वाढून स्वतः घाण पाणी पिणाऱ्या मुलीला तो सांगतो की मी या देशातून निघेन तोवर इथे पोटभर जेवायला मिळेल. आणि ते वचन पाळलं जातं. त्यात ओतामाच्या किबी दांगोचा वाटा मोठा आहे हे किती छान! जपानी पोरांना पाठ असलेल्या मोमोतारोच्या गोष्टीतही राक्षसांच्या बेटाचं नाव ओनिगाशिमाच आहे आणि तो किबी दांगो खाऊ घालूनच सोबती जोडतो.

दुसरं, वानोची सीमा म्हणजे कागदावरची रेघ नाही. ती देशाभोवतीची खरीखुरी भिंत आहे. जुनं वानो तिच्या आतल्या पाण्याखाली बुडालेलं आहे आणि माजी शोगुन सुकियाकी सांगतो त्याप्रमाणे खाली प्लूटन हे महाअस्त्र आहे. भिंत फोडणं म्हणजे ते महाअस्त्र मोकळं करणं. बाहेर नौदलाचा अॅडमिरल र्योकुग्यू येऊन उभा. अशा वेळी आठ वर्षांचं मन आणि अठ्ठावीस वर्षांचं शरीर घेऊन गादीवर बसलेला पोरगा 'बाबांनी सांगितलं होतं' म्हणून दार उघडतो, असं दाखवलं असतं तर हेच लोक त्याला मूर्ख म्हणाले असते. जपानी वाचकाच्या डोक्यात शिवाय 1853 सालची काळी जहाजं असणार. दोनशेहून जास्त वर्षं बंद असलेलं जपानचं दार तेव्हा बाहेरच्यांनी तोफा रोखून उघडायला लावलं. वानोचं दार आतल्यांनी, आपल्या वेळेला उघडायचं ठरवलं आहे. लुफी जाताना आपला झेंडा ठेवून जातो, तो या थांबण्याची राखण म्हणून.

हे झालं यादीतलं. यादीत नसलेल्या दोन गोष्टी मला जास्त सलतात.

एक कैडो. ओडेनला तेरा चॅप्टर, आणि ज्याला हरवायला चार वर्षं लागली त्या कैडोचं बालपण, वोडका राज्य, रॉक्स या जुन्या चाच्याचं जहाज, सगळं तो पडता पडता 1049 मधल्या काही पानांत उरकलं. मला हरवेल तो जॉय बॉय, म्हणजे दंतकथेतला तो वीर, असं मानून जगणारा आणि वर पुन्हा पुन्हा जीव द्यायला निघणारा हा माणूस. त्याच्यात केवढा ऐवज होता!

दुसरी गोष्ट कुरोझुमी घराण्याची. ओरोचीच्या आजोबानं सत्तेसाठी विषप्रयोग केले, त्याला शिक्षा झाली. त्यानंतर लोकांनी अख्ख्या घराण्याची शिकार केली, ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांचीसुद्धा. ओरोची त्यातून घडला. कांजुरोही. त्याचे आईवडील नट होते, ते रंगमंचावरच, खेळ चालू असताना मारले गेले, केवळ आडनावासाठी. हे ओडानंच दाखवलं. काबुकीच्या चौकटीत मांडलेल्या कथेतला फितूर स्वतः नट निघावा, ही तर वानोतली सगळ्यात देखणी कलाटणी. आणि मग ओरोचीच्या शेवटाला नायकांच्याच तोंडी त्याच्या आडनावावर कोटी येते: कुरोझुमी म्हणजे काळा कोळसा, तो जळायचाच. पडदा पडतो, मेजवानी होते, नवा शोगुन सगळ्यांना जेवू घालतो. कुठल्याशा गावात अजून एखादं कुरोझुमी पोर जिवंत असेल तर त्याला त्या पंगतीत पान मांडलं का, हे 149 चॅप्टरमध्ये कोणी विचारत नाही, आणि त्या यादीतही कोणी विचारलेलं नाही.