मातांनी स्वतःच्या हातांनी

आदर्श पालक होऊ इच्छिणाऱ्यांनी सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे की शाळेची सूचना रात्री साडेनऊच्या आत कधीही येत नसते. ती आधी आली तर पालकांना तयारीला वेळ मिळेल, आणि वेळ मिळाला तर त्यांच्या प्रेमाची परीक्षा कशी होणार? गेल्या आठवड्यात सोमवारी रात्री ९ वाजून ४७ मिनिटांनी पहिलीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना आली की बुधवारी ‘मातृहस्त दिन’ साजरा होणार असून, मातांनी स्वतःच्या हातांनी शिवलेला पोशाख घालून मुलांनी यावे आणि मातांनी स्वतःच्या हातांनी केलेला पारंपरिक, पौष्टिक, तेलकट नसलेला, न सांडणारा व मुलांना आपापला खाता येईल असा पदार्थ डब्यात आणावा. उत्कृष्ट पोशाखास आणि उत्कृष्ट डब्यास बक्षीस होते. पाच मिनिटांत त्या सूचनेखाली जोडलेल्या हातांची आणि अंगठ्यांची रांग लागली. हे दीड दिवसात कसे व्हायचे, असे एकाही पालकाने विचारले नाही. मीही विचारले नाही; इतरांसारखाच अंगठा उठवून मोकळा झालो. आपणही तसेच करावे.

दुसरी गोष्ट म्हणजे, शक्यतो माता असावे.

मला ते जमलेले नाही, हा दोष मी कबूल करतो. माझी पत्नी मिरजेच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि त्या आठवड्यात तिची रात्रपाळी होती. मी सांगलीत एका पतसंस्थेत कारकून आहे. माझे वडील सांगलीच्याच गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीत, शिंपीकाम करत असत, त्यामुळे शाळेतून आल्यावर काजे करणे, बटणे लावणे आणि धावदोरे काढणे यातच माझे लहानपण गेले व शिवण आपसूक हातात बसली. स्वयंपाक मात्र लग्नानंतर, गरजेपोटी आणि बराचसा करपवून शिकलो. मी कुकर लावला तरी शेजारी ‘काय बाई नशीबवान’ असे माझ्या पत्नीला म्हणतात. तिने बारा तासांची पाळी करून आल्यावर तोच कुकर लावला तर तिला कोणी काही म्हणत नाही. कौतुक स्वस्तात हवे असेल तर पुरुष असणे सोयीचे पडते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

कापड घेण्याची उत्तम वेळ म्हणजे जेवणाची सुट्टी. मंगळवारी दुपारी डबा तसाच मेजावर ठेवून मी कापडपेठेत गेलो. सहा वर्षांच्या मुलीच्या झग्याला ३६ इंची पन्ह्याचे (म्हणजे रुंदीचे) दीड मीटर सुती कापड लागते: घेराचे दोन तुकडे मिळून एक मीटर, उरलेल्या अर्ध्या मीटरमध्ये वरचा भाग व बाह्या. अस्तर, हुक, कॉलरचे पांढरे कापड आणि दोऱ्याची रीळ निराळी. सुती कापड बेतण्यापूर्वी पाण्यातून काढावे लागते, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि मुलीचा झगा बाहुलीला होतो. म्हणून संध्याकाळी घरी पोहोचताच ते बादलीत बुडवले. बाहेर श्रावणातली झड लागलेली असल्यामुळे वाळण्याचा प्रश्नच नव्हता. अर्धे पंख्याखाली आणि अर्धे इस्त्रीखाली वाळवले. आदर्श पालकाने हा वेळ आपल्या हिशेबात धरू नये.

हिशेबाचे मी मुद्दाम सांगतो. कापड, अस्तर, हुक आणि दोरा मिळून जो खर्च आला, त्यात थोडीशी भर घातली असती तर मारुती रोडवर तसाच तयार झगा मिळाला असता, आणि माझे सहा तास वाचले असते. हे सहा तास कोणाच्याच वहीत लिहिले जात नाहीत. घरी शिवले म्हणजे फुकटात झाले आणि घरी रांधले म्हणजे आपोआप झाले, अशी आपल्याकडे एक गोड समजूत आहे. ही समजूत मी माझ्या वडिलांच्या दुकानात फळीवर बसून लहानपणापासून पाहत आलो आहे. गणपतीच्या तोंडावर चार-चार दिवस ते पहाटेपर्यंत मशीनवर असत. कॉलर, चुण्या, अस्तर, पाठीमागे पट्टा असा झगा न्यायला माणसे येत, हातात धरून उलटासुलटा करत, आणि मग शिलाईतले दहा रुपये कमी करा म्हणून अर्धा तास उभी राहत. ‘कापड तर आमचेच आहे, तुमचे काय जाते?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते एखाद्या पाठ्यपुस्तकातले असावे असे मला वाटत असे. त्यांचे काय जात होते ते मला दिसत होते: डोळे जात होते, कंबर जात होती, आणि दिवाळीच्या आदल्या रात्री स्वतःच्या मुलांचे कपडे शिवायचे राहून जात होते. हीच माणसे मोठ्या दुकानात गेली की चिठ्ठीवर छापलेली किंमत निमूटपणे मोजतात, वर पिशवीचेही पैसे देतात. शिंप्याने मात्र हौसेखातर शिवावे. आता शिंप्यांची दुकाने कमी झाली, अल्टरेशनलाही कोणी मिळत नाही, म्हणून हळहळणाऱ्यांमध्ये हेच लोक पुढे असतात. माझ्या वडिलांनी दुकान बंद केले तेव्हा त्यांची उधारी कोणाकोणाकडे होती, हे मला आजही तोंडपाठ आहे. असो. विषय आदर्श पालकांचा आहे.

मशीन शक्यतो जुने असावे, म्हणजे पालकत्वाला धार येते. माझे मशीन वडिलांचे आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा गावभागातल्या त्या दुकानात हे मशीन कित्येक दिवस पाण्याखाली होते. वडिलांनी ते सुटे करून रॉकेलने धुतले, तेल दिले, चामड्याचा नवा पट्टा घातला, आणि ते पुन्हा चालू लागले; मात्र तेव्हापासून त्याला बॉबिन केसशी, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीशी, काहीतरी वैर जडले आहे. वरचा ताण जरा अधिक झाला की दोरा तुटतो, जरा कमी झाला की खाली जाळे होते. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते, तर मशीनच्या सुईचे पुढच्या टोकाशी. त्यामुळे रात्री बाराला, पिवळ्या दिव्याखाली, चौदा नंबरच्या सुईत पाचव्यांदा दोरा ओवताना आपले तोंड जवळजवळ मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाखाली जाते. आयझॅक सिंगर यांनी आपल्या शिलाई मशीनचे पेटंट अमेरिकेत १८५१ साली घेतले. त्यानंतर वीज आली, संगणक आले, आपोआप काजे करणारी मशिने आली. रात्री पावणेदहाला येणाऱ्या सूचनेवर मात्र अद्याप कोणी शोध लावलेला नाही.

घेर छातीच्या मापाच्या दुप्पट असावा, चुण्या एकसारख्या याव्यात म्हणून लांब टाक्याच्या दोन टिपा मारून खालचा दोरा ओढावा, आणि कुशीला व खालच्या दुमडीला भरपूर माया सोडावी. शिवणीत आत राखलेल्या जादा कापडाला आपल्याकडे ‘माया’ म्हणतात. मूल वाढले की ती उसवून झगा मोठा करता येतो. मी कुशीला एक-एक इंच आणि खाली दोन इंच माया सोडली. परीक्षकांना ती दिसत नाही, ही तिच्यातली उणीव आहे.

स्वयंपाक आणि शिवण एकाच रात्री, एकाच माणसाने करण्याचा विशेष लाभ पुढीलप्रमाणे. रात्री आठला मी बटाट्याची भाजी टाकली होती. आमची सांगली हळदीची. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, त्याचा मला इतर कोणाही सांगलीकराइतकाच अभिमान आहे. हात दोनदा धुतले तरी ती हळद नखाच्या कडेला राहिली, आणि पाऊण वाजता पांढरी कॉलर उलटवून टोक काढताना तिच्यावर अंगठ्याचा पिवळा ठसा स्वच्छ उमटला. मी घाईघाईने त्यावर साबण चोळला. साबण लागला की हळद लाल होते, हे मला ठाऊक होते. चोळून झाल्यावर ते आठवले. हळदीचा डाग उन्हात ठेवला की उडतो हेही ठाऊक होते, परंतु रात्री पाऊण वाजता, श्रावणात, ऊन आणायचे कोठून? शेवटी दुसरी कॉलर बेतली. झगा पुरा झाला तेव्हा दोन वाजून गेले होते.

पहाटे पाचला उठून शेंगापोळ्या केल्या. भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट बारीक हवे, नाहीतर पोळी लाटताना फाटते. गुळाचा एकही खडा राहता कामा नये, नाहीतर तो तव्यावर वितळून बाहेर येतो आणि करपतो. माझे दोन खडे राहिले. फाटलेली पोळी मी खाल्ली, करपलेली पत्नीसाठी ठेवली नाही, तीही मीच खाल्ली, आणि उरलेल्या तीन चांगल्या पोळ्या डब्यात गेल्या.

मुलांकडून कौतुकाची अपेक्षा ठेवू नये. आमच्या लेकीने झगा घालून तीन गिरक्या घेतल्या आणि खिसा का नाही, असे विचारले. (खिसा राहिला होता, हे खरे आहे.)

आता मुख्य सूचना. घरी शिवलेला कपडा घरी शिवलेला दिसला पाहिजे. टीप वाकडी असावी, एक बाही तोकडी असावी, दोऱ्याची शेपटे लोंबत असावीत, आणि मातेने स्वतः शिवल्याची साक्ष म्हणून कुठेतरी एखादे फूल चिकटवलेले असावे. हे पथ्य मी पाळले नाही. माझी टीप सरळ आली. काय करणार, लहानपणी टीप वाकडी आली की वडील अख्खी शिवण उसवायला लावत. परीक्षकांनी झगा हातात घेतला, चुण्या पाहिल्या, कॉलर पाहिली, आणि ‘हा बाजारातून आणलेला आहे’ असे म्हणून तो बाजूला ठेवला. पहिले बक्षीस एका घागरा-चोळीला मिळाले. तिच्या मानेमागे बुटिकची चिठ्ठी कापून काढल्यावर राहिलेले चार टोचरे धागे मला पाचव्या रांगेतून दिसले. शिंप्याच्या मुलाला तेवढे दिसतेच. त्या पालकांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडेही तोच दीड दिवस होता, आणि त्यांनी शहाणपणा केला.

शेंगापोळी ‘गोड असल्यामुळे’ पौष्टिकमध्ये बसली नाही.

कार्यक्रमाच्या शेवटी सर्व मातांना ‘मातृगौरव’ प्रमाणपत्रे देण्यात आली. माझ्या पत्नीचेही नाव पुकारले गेले. त्या वेळी ती रात्रपाळी संपवून घरी गाढ झोपली होती, आणि तिने त्या झग्याला एक टाकाही घातला नव्हता, हे ती स्वतःच कोणालाही सांगेल. ते प्रमाणपत्र मी घेतले, सही केली आणि निघालो.

इथपर्यंतचे सारे मी हसण्यावारी नेले असते. दाराशी आल्यावर लेकीने सांगितले की झगा बाजूला ठेवताना तिने परीक्षकांना, ‘माझ्या बाबांनी शिवलाय’ असे सांगितले होते, आणि त्यावर तिला चारचौघांत ‘असे खोटे बोलू नये’ असे सुनावण्यात आले. सहा वर्षांच्या मुलीला. ती रात्री अर्धवट उठून मशीनशेजारी चटईवर येऊन बसली होती. तिने चुण्या ओढताना दोऱ्याचे दुसरे टोक धरले होते. तिने पाहिले होते.

आता उपरोध पुरे. शाळेला स्पष्टच विचारतो. बाप शिवू शकत नाही, रांधू शकत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितले? या सांगलीत कापडपेठेपासून मिरजेच्या स्टेशनापर्यंत जे शिंपी आयुष्यभर मशीन मारत आले ते काय सगळे माता होते? आणि ज्या खरोखरच माता आहेत, त्यांतल्या कित्येक नोकरीला जातात, काहींना मशीन येत नाही, काहींकडे मशीन नाही, काही मुलांना आईच नाही. सूचना टंकताना यातले एकही मूल डोळ्यांसमोर आले नाही? शिवणे हे कसब आहे. ते शिकायला वर्षे लागतात आणि करायला तास लागतात. ते आईच्या प्रेमाचा पुरावा म्हणून रात्रीतून मागवण्याचा तुम्हाला काहीएक अधिकार नाही. मुलांना घरचे काम दाखवायचे असेल तर वर्गात सुई-दोरा द्या, मुलगे आणि मुली दोघांनाही एकेक बटण लावायला शिकवा. पालकांकडून काही हवे असेल तर पंधरा दिवस आधी, दिवसाउजेडी कळवा, आणि सूचनेत ‘मातांनी’ लिहिण्याऐवजी ‘घरातल्या कोणीही’ लिहा.

झग्याचे बक्षीस मला नको. प्रमाणपत्रही परत घेऊन जा. पण उद्या सकाळी प्रार्थनेच्या वेळी, ज्या चारचौघांत तिला खोटे ठरवले त्याच चारचौघांत, त्या मुलीची माफी मागा. माझी मागू नका, तिची मागा.